येजितखत : चूक लिहून देण्याची एक जुनी रीत

कोल्हापूरच्या इतिहासात पत्रांनी एकदा मोठा घोळ घातलेला आहे. १८८१ च्या जानेवारीत पुण्यात 'मराठा' आणि 'केसरी' सुरू झाले. 'मराठा' टिळकांकडे होता, 'केसरी' आगरकरांकडे. वर्ष सरायच्या आत दोन्ही पत्रे कोल्हापूरच्या कारभारावर तुटून पडली. छत्रपती चौथे शिवाजी महाराज दत्तक आलेले, वयाने विशीच्या आतले. त्यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असा बोभाटा होता. पुरावा म्हणून बर्व्यांच्या नावची काही पत्रे पुढे आली आणि तरुण संपादकांनी त्यांवर विश्वास ठेवला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. सुटका झाली २६ ऑक्टोबरला. डोंगरीच्या तुरुंगातल्या त्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले, ते वाचकांच्या परिचयाचे असेलच. या खटल्यात दहा हजारांचा जामीन मिळवून देण्यात जोतीराव फुले आणि रामशेठ उरवणे यांचा हात होता, हेही आता पुष्कळांना ठाऊक आहे.

ही हकिगत आपण दोन देशभक्तांचा पहिला तुरुंगवास म्हणून वाचतो. मी अलीकडे ती वेगळ्या कारणाने पुनःपुन्हा वाचली. एका माणसावर खोट्या कागदाच्या जोरावर आरोप झाला. आरोप करणाऱ्यांना चूक कळली. त्यांनी ती कबूलही केली. तरी काही सांधले गेले नाही. असे का झाले असेल?

मला हा प्रश्न विद्वत्तेपोटी पडलेला नाही. मी पदवीने इतिहासकार नाही. एका फौंड्रीच्या स्टोअरमध्ये बरीच वर्षे काढली, चाळिशीनंतर मोडी शिकलो आणि मग रविवार-सुट्ट्या कागदांत घालवू लागलो. मला स्वतःला एक पत्र लिहायचे होते आणि ते कसे लिहावे हे कळत नव्हते. त्याची गोष्ट शेवटी येईल.

आधी बर्व्यांच्या माफीकडे पाहू. ती आली तेव्हा खटला उभा राहिला होता. कोर्टात आलेली दिलगिरी कितीही मनापासून असो, ती ऐकणारा प्रत्येक जण मनात म्हणतो की शिक्षा कमी व्हावी म्हणून हे चालले आहे. यात टिळक-आगरकरांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचा हेतू नाही. जागाच अशी आहे की तिथे खऱ्या शब्दालाही किंमत राहत नाही. शिवाय बर्व्यांना दिलगिरी मिळाली, शिक्षेचे समाधानही मिळाले. पण ज्यांच्या नावाने हे सारे चालले होते त्या तरुण राजाला काय मिळाले? २५ डिसेंबर १८८३ रोजी, खटल्यानंतर दीड वर्षाच्या आत, अहमदनगरच्या किल्ल्यात पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराज मरण पावले. बनावट पत्रांच्या गोंधळात खरा छळ किती आणि कोणता, हा प्रश्नच मागे पडला होता. खोट्या पुराव्याने बर्व्यांचे नुकसान केलेच, महाराजांच्या खऱ्या तक्रारीचेही केले.

त्याच काळात राजाराम कॉलेजात एक हुशार विद्यार्थी शिकत होता. कागलला आणि कोल्हापुरात शिकून तो १८८१ साली मॅट्रिक झाला होता. टिळक-आगरकरांच्या खटल्याच्या निधीसाठी विद्यार्थ्यांनी केलेल्या नाटकात त्याने स्त्रीभूमिका केली, असे चरित्रकार सांगतात. हा विद्यार्थी म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. पंधरा वर्षांनी त्याच्यावर जवळपास तीच वेळ आली.

१८९७ साली गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. पुण्यात प्लेग होता. रँडच्या हुकमतीखाली गोरे सोल्जर घरांची झडती घेत होते आणि पुण्याच्या मित्रांची पत्रे गोखल्यांना जात होती. त्या पत्रांच्या आधारे त्यांनी 'मँचेस्टर गार्डियन'ला आणि पार्लमेंटच्या काही सभासदांना सांगितले की सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतल्या एकीने नंतर जीव दिला. मुंबई सरकारने साफ इन्कार केला. गोखले जुलैअखेर मुंबईला उतरले आणि पत्रे लिहिणाऱ्यांना भेटले. पुरावा द्यायला कोणी पुढे येईना. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी वर्तमानपत्रांतून बिनशर्त माफी मागितली : गव्हर्नरची, प्लेग कमिटीची आणि सोल्जरांची. पत्रे पाठवणाऱ्यांची नावे त्यांनी कधी सांगितली नाहीत. त्या वर्षीच्या अमरावती काँग्रेसमध्ये त्यांची हेटाळणी झाली.

या माफीबद्दल मराठीत दोन टोकांची मते आहेत. कोणी तिला भ्याडपणा म्हणतो, कोणी सत्यनिष्ठा. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते, कारण तिच्यात मला तीन दुर्मीळ गुण दिसतात. आरोप जाहीर होता म्हणून माफीही जाहीर झाली. तिला 'जर-तर' जोडलेले नव्हते. आणि दोष दुसऱ्यावर ढकलायची आयती सोय असताना तो स्वतःच्या अंगावर घेतला गेला. पण एक गोष्ट मला खटकते. माफी गेली ती वरच्या दिशेने, ज्यांच्या हाती सत्ता आणि बंदूक होती त्यांच्याकडे. पुण्याच्या बायकांना त्या झडत्यांत जे सोसावे लागले, त्यासाठी कोणी कोणाला पत्र लिहिले? पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये प्लेगच्या इस्पितळातल्या स्त्रियांच्या हालांविषयी उघड लिहिले होते. सरकारने त्यांनाही खोटे ठरवले. आपल्याकडची बरीचशी माफीपत्रे अशी दंड करू शकणाऱ्याकडे जातात. ज्याचे नुकसान झाले त्याच्या दारात पोस्टमन जात नाही.

आता इंग्रजी अमलाच्या मागे जाऊ. मराठेशाहीतल्या न्यायाचे कागद वाचू लागलो तेव्हा वि. त्र्यं. गुणे यांच्या १९५३ च्या इंग्रजी ग्रंथाने मला बोट धरून चालवले. मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर महजरांच्या आधाराने लिहिलेला हा ग्रंथ डेक्कन कॉलेजने काढला. त्यातून मला पहिला धक्का बसला तो 'राजीनामा' या शब्दाचा. आज राजीनामा म्हणजे नोकरी किंवा खुर्ची सोडणे. तेव्हा तो वादाच्या आरंभीचा कागद होता : पंच जो निवाडा करतील तो मान्य करण्यास आम्ही राजी आहोत, असे दोन्ही पक्ष लिहून देत. मग तकरिरी होत, साक्षी होत, जुने कागद पाहिले जात, आणि निवाड्याच्या वेळी येई तो माझ्या या लेखाचा नायक : येजितखत. कुठे यजितखत, कुठे येजितपत्र असेही लिहिलेले सापडते.

येजितखत हरलेल्या पक्षाने लिहून द्यायचे असते. आजच्या कोर्टात हरलेला माणूस काहीच लिहीत नाही, फार तर अपील करतो. तेव्हाच्या सभेत त्याला स्वतःच्या नावाने लिहावे लागे की मी अमुक गावचा अमुक, अमक्याशी अमुक गोष्टीसाठी भांडलो, गोताने चौकशी केली, माझे म्हणणे खोटे ठरले, यापुढे मी किंवा माझ्या वंशाच्या कोणी कथळा केला तर दिवाणाचा आणि गोताचा गुन्हेगार. जिंकणाऱ्याला निवाड्याचा कागद मिळे आणि महजरावर सभेला बसलेल्यांच्या निशाण्या पडत. पाटील नांगर काढी, न्हावी आरसा. म्हणजे लिहिता न येणारी माणसेही त्या कबुलीची साक्षीदार होत. जिंकणारा सरकारात हरकी भरी आणि हरणारा गुन्हेगारी, हा त्यातला दिवाणी हिशेब.

या कागदाची गंमत त्याच्या कोरडेपणात आहे. त्यात पश्चात्ताप नाही, अश्रू नाहीत, 'मोठ्या मनाने' हा शब्द नाही. काय केले, कोणाशी केले, ते खोटे होते आणि पुढे करणार नाही, एवढेच. आणि ते ज्या गोतासमोर भांडण झाले त्याच गोतासमोर. दुसऱ्या प्रकारच्या दोषांसाठी प्रायश्चित्त आणि मग शुद्धिपत्र असे. त्याचाही उपयोग हाच, की हा माणूस पुन्हा पंक्तीला बसू शकतो हे चारचौघांना कळावे.

जुने ते सोने म्हणण्याचा माझा स्वभाव नाही, म्हणून लगेच सांगतो. बहुतेक येजितखते पाटिलकी, कुलकर्ण, शिवारहद्द अशा वतनी भांडणांतली आहेत. ज्याला वतनच नव्हते त्याच्या दुःखासाठी असा कागद सहसा लिहिला गेला नाही. गोत म्हणजे जातीच्या उतरंडीवर बसलेली सभा. पुरावा संपला की दिव्य, तापल्या तेलातून रवा काढायचा. हात भाजला की खोटा. अशा सभेपुढे लिहिलेली कबुली किती आपखुशीची, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात पंचायतीचे दोष सांगितले आणि तरी ती मोडू नये असेही मत दिले. १८२७ मध्ये त्याच्याच नावाने ओळखली जाणारी कायदेसंहिता आली आणि न्याय कोर्टाकडे सरकला. हरलेल्याने लिहून देण्याची रीत तिथे उरली नाही.

आजची गावे काय करतात? १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तिच्यामागे तेव्हाचे गृहमंत्री, आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले आर. आर. आबा होते. हेतू चांगलाच होता, आणि कोर्टात वीस वर्षे झिजणारे भाऊबंद समितीसमोर एका दिवसात मोकळे झाले, अशी उदाहरणे मला ठाऊक आहेत. पण मी पाहिलेल्या तडजोडीच्या कागदांत एक वाक्य ठरलेले असते : आता आमची एकमेकांविरुद्ध काही तक्रार राहिलेली नाही. तक्रार काय होती, हे कागदात कुठेच नसते. कोणी कोणाला मारले, कोणी कोणाच्या बांधावरचे झाड तोडले, सगळे पुसलेले. येजितखत घडलेली गोष्ट लिहून ठेवते. तडजोडनामा ती घडलीच नाही असे धरून चालतो. मार खाल्लेल्याची सही घेताना त्याने नेमके काय माफ केले हेच लिहिलेले नसेल, तर तो घरी जाऊन काय वाचणार?

याच्याही पलीकडे जातपंचायतींचा माफीनामा आहे. तिथे ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याकडूनच माफी लिहून घेतात, वर दंडही घेतात. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा यासाठीच करावा लागला. म्हणून पत्राने जखम भरते असे सरसकट म्हणणे धोक्याचे आहे. पत्र कोणी, कोणाला आणि कोणाच्या दाबाखाली लिहिले, हे आधी पाहावे.

बाहेरच्या जगात गेल्या पन्नास वर्षांत या विषयावर पुष्कळ विचार झाला आहे. त्याची सुरुवात बहुधा कॅनडातल्या एल्मायरा या छोट्या गावापासून सांगतात. १९७४ साली तिथे दोन पोरांनी दारूच्या नशेत एका रात्रीत बावीस ठिकाणी नासधूस केली. त्यांना तुरुंगात टाकण्याऐवजी दारोदार पाठवून नुकसान झालेल्यांना तोंड दाखवायला लावावे, ही कल्पना एका प्रोबेशन अधिकाऱ्याची. न्यायाधीशाने ती मानली आणि पोरांनी भरपाईही दिली. तिथून 'सांधणारा न्याय' म्हणावा अशी एक चळवळच वाढली. तिच्यात पत्राला वेगळी जागा आहे, कारण समोरासमोर येणे प्रत्येक नुकसानग्रस्ताला सोसेलच असे नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात कैद्यांच्या माफीपत्रांची एक पेढी आहे. कैदी पत्र लिहून तिथे ठेवतो. ज्याचे नुकसान झाले त्याने मागितले तरच ते त्याला मिळते. त्याने मागितलेच नाही तर पत्र पडून राहते. मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते. आपण मन मोकळे केले म्हणून समोरच्याने ते ऐकून घ्यावेच, हा हट्टही एक प्रकारची जबरदस्तीच आहे.

वकील मंडळींची भीतीही खोटी नाही. लिहिलेली कबुली उद्या पुरावा म्हणून उभी राहते, म्हणून डॉक्टर असो की कारखानदार, त्याला पहिला सल्ला मिळतो तो गप्प बसण्याचा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००६ मध्ये कायदाच केला की माफी मागणे म्हणजे दिवाणी जबाबदारी कबूल करणे नव्हे. आपल्याकडे तसे काही नाही. त्यामुळे आपण 'गैरसमज झाला असल्यास क्षमस्व' हे वाक्य शोधून काढले आहे. त्यात गैरसमज समोरच्याचा आणि क्षमा फुकटची.

भारतीय वाचकाला पत्रातल्या कबुलीचे सर्वांत जवळचे उदाहरण गांधीजींचे वाटेल. पंधराव्या वर्षी भावाच्या कड्यातला सोन्याचा तुकडा चोरला आणि वडिलांना तोंडाने सांगवेना म्हणून चिठ्ठी लिहून हातात दिली, हा आत्मकथेतला प्रसंग. चिठ्ठीत चूक होती, शिक्षेची मागणी होती आणि पुन्हा न करण्याचे वचन होते. ती देऊन गांधी समोरच बसून राहिले, हे मला महत्त्वाचे वाटते. वडिलांनी वाचली, रडले, फाडली. घरातली गोष्ट घरात मिटली. पण जी गोष्ट घराबाहेर, चारचौघांत घडली तिचे काय?

आता माझे पत्र. वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्या फौंड्रीत पिग आयर्नच्या साठ्यात तूट निघाली. माझ्या वरच्या जागेवर एक वयस्क स्टोअरकीपर होते. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. चौकशीला पाच माणसे बसली होती. मला एक गेटपास दाखवून विचारले, ही सही कोणाची? मी म्हणालो, मामांची. खरे तर मला खात्री नव्हती. सही त्यांच्यासारखी होती, एवढेच. पण साहेबांचा रोख दिसत होता आणि माझी नोकरी नवी होती. मामांची नोकरी गेली. पुढे काही महिन्यांनी वजनकाटाच चुकीचा असल्याचे निघाले. तोवर ते गावी जाऊन दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर हिशेब लिहायला लागले होते. त्यांना कोणी परत बोलावले नाही, आणि मीही तोंड उघडले नाही.

पहिला खर्डा चार पानांचा झाला. त्यात माझे वय होते, घरचे आजारपण होते, साहेबांचा दाब होता. बायकोने वाचला आणि म्हणाली, "अहो, यात सगळीकडे तुम्हीच आहात. मामा कुठं आहेत?" दुसऱ्या खर्ड्यात क्षमेची याचना इतकी होती की उत्तर न देणारे मामाच निर्दय ठरावेत. तेव्हा मी येजितखताचा साचा समोर ठेवला. तिसरे पत्र एका पानात बसले. मी अमुक वर्षी, अमक्या पाच जणांसमोर, तुमची सही ओळखली असे सांगितले. मी ती ओळखली नव्हती. त्यामुळे तुमची नोकरी गेली आणि नावाला बट्टा लागला. काटा चुकीचा निघाल्यावरही मी गप्प राहिलो. हे पत्र तुम्ही कोणालाही दाखवावे, माझी हरकत नाही. उत्तराची अपेक्षा नाही. आधी वाटले पोस्टकार्ड पाठवावे, सगळ्यांना वाचता येते. मग वाटले, ते उघडे करायचे की नाही हे मामांनी ठरवावे. पाकिटातून पाठवले.

पाच महिने काही नाही. दसऱ्यानंतर एका सकाळी मामा दारात उभे. वय सत्तरीच्या पुढे, हातात काठी. चहा घेतला, माझ्या मोडीच्या कागदांकडे जरा वेळ पाहिले. पत्र खिशातच होते, घडीवर घडी घालून मऊ झालेले. काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "बरं लिवलंयस. पण तू पाच माणसांत बोललास न्हवं? मग पत्र मला एकट्यालाच कशाला?"

गुण्यांचा ग्रंथ वाचून, इतके कागद चाळून मला जे सुचले नव्हते ते मामांनी चहाच्या कपावर सांगितले. गोताशिवाय येजितखत होत नाही. मी साचा घेतला होता, सभा सोडून दिली होती.

त्या पाचांपैकी दोघे आता नाहीत. उरलेल्या तिघांसाठी मी पत्राच्या प्रती काढल्या, वर चार ओळींचा खुलासा जोडला आणि स्पीड पोस्टाने पाठवल्या. एकाने फोन केला आणि इतक्या वर्षांनी हे कशाला उकरतोस म्हणून सुनावले. मी त्याला म्हटले, तुम्ही ऐकले होते म्हणून. दुसऱ्याची फक्त पोच आली. तिसरे, पुण्याला मुलाकडे राहायला गेलेल्या गृहस्थांचे पाकीट 'पत्ता अपुरा' असा शेरा घेऊन परत आले. मामांना फोन करून सांगितले. ते म्हणाले, "मग पत्ता शोध." शोधतो आहे.